ज्या नामाचा उच्चार होत नाही

परमेश्वराला नावाने हाक मारणे ही बहुतेक धर्मांत उपासनेची पहिली पायरी मानली जाते. नामस्मरणाच्या संस्कारात वाढलेल्या मराठी मनाला तर नाम आणि भक्ती यांची फारकत करणेच कठीण जाते. यहुदी धर्मात मात्र नेमके उलट चित्र दिसते. ईश्वराचे जे नाव सर्वांत पवित्र, त्याचाच तेथे कोणी उच्चार करीत नाही. ते धर्मग्रंथात हजारो वेळा आलेले आहे, वाचणाऱ्याची नजर त्यावरून रोज फिरते. परंतु ते समोर येताच मुखातून निघतो तो दुसराच शब्द. जगातील एका प्राचीन एकेश्वरवादी परंपरेने आपल्या ईश्वराचे नाव असे मौनात का ठेवले आणि ज्याचे नाव घेता येत नाही त्याचा अनुभव मग कोठे शोधला, हा धर्मविचारातील एक मूलगामी प्रश्न आहे.

चार अक्षरे

हे नाव हिब्रू भाषेतील चार व्यंजनांचे आहे: योद, हे, वाव, हे. हिब्रू बायबलमध्ये ते सुमारे ६,८०० वेळा येते. ‘असणे’ या अर्थाच्या धातूशी त्याचे नाते असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. प्राचीन हिब्रू लेखनात स्वरचिन्हे नसत. त्यामुळे अक्षरे टिकून राहिली, उच्चार मात्र ऐकणाऱ्यांच्या स्मरणावरच अवलंबून राहिला.

हे नाव मुळात निषिद्ध नव्हते. १८६८ साली आजच्या जॉर्डनमध्ये सापडलेल्या मवाबी राजा मेशा याच्या शिलालेखात ते कोरलेले आहे. इ. स. पूर्व नवव्या शतकातील हा शिलालेख आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. १९७९ साली जेरुसलेमजवळच्या एका थडग्यात चांदीच्या पत्र्याच्या दोन इवल्याशा गुंडाळ्या मिळाल्या. सुमारे २,६०० वर्षांपूर्वीच्या या ताइतांवर आशीर्वचनासह तेच नाव आहे. लाखीश येथे मिळालेली, खापरांवर शाईने लिहिलेली लष्करी पत्रे त्याच सुमाराची. बॅबिलोनच्या सैन्याचा वेढा जवळ येत असताना लिहिलेल्या या पत्रांतील अनेकांची सुरुवात याच नावाने शुभ चिंतून होते. म्हणजे एके काळी साधा सैनिकही ते आपल्या पत्रात सहज लिहीत असे.

पुढील काही शतकांत आदर वाढत गेला आणि उच्चार आक्रसत गेला. मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या काही गुंडाळ्यांत सर्व मजकूर तत्कालीन लिपीत, तर हे एक नाव मुद्दाम जुन्या, कालबाह्य लिपीत लिहिलेले आढळते. वाचणाऱ्याने तेथे थांबावे, हा त्यामागील हेतू असावा. अखेरीस जेरुसलेमच्या मंदिरापुरताच हा उच्चार उरला. मिश्ना या ग्रंथातील वर्णनानुसार, योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी महापुरोहित ते नाव उच्चारीत असे आणि ते ऐकताच प्रांगणातील समुदाय भूमीवर लोटांगण घाली. तालमूदमध्ये रब्बी तरफोन यांची एक आठवण नोंदलेली आहे. तरुणपणी पुरोहितांच्या रांगेत उभे राहून त्यांनी कान टवकारले होते. पण महापुरोहिताने ते नाव इतर पुरोहितांच्या गायनात विरघळवून टाकले.

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर उद्ध्वस्त केले. महापुरोहित राहिला नाही, ते प्रांगण राहिले नाही, आणि नावाचा परंपरागत उच्चारही हळूहळू लुप्त झाला. पुढे मासोरा पंडितांनी धर्मग्रंथाला स्वरचिन्हे दिली तेव्हा या चार अक्षरांवर त्यांनी बहुतेक ठिकाणी ‘अदोनाय’, म्हणजे ‘माझा प्रभू’, या शब्दाचे स्वर ठेवले. येथे कोणता शब्द वाचावा याची ती खूण होती. ती खूण न ओळखता अक्षरे आणि स्वर एकत्र वाचल्याने मध्ययुगीन ख्रिस्ती अभ्यासकांत जे रूप प्रचलित झाले, तेच मराठीत ‘यहोवा’ म्हणून परिचित आहे. यहुदी उपासनेत ते वापरले जात नाही. तेथे प्रार्थनेच्या वेळी ‘अदोनाय’ म्हणतात आणि एरवीच्या बोलण्यात ‘हाशेम’. हाशेम या शब्दाचा अर्थ एवढाच: ‘ते नाव’.

हा आदर बारीकसारीक व्यवहारांतही उतरला आहे. हिब्रूत अंक अक्षरांनी लिहितात. दहा आणि पाच यांची अक्षरे जोडून पंधरा लिहावे, तर ईश्वराच्या नावाचा अंश तयार होतो; म्हणून पंधरा हा अंक नऊ आणि सहा यांच्या अक्षरांनी लिहिला जातो. लिहिलेले पवित्र नाव पुसता येत नाही. त्यामुळे जीर्ण झालेले ग्रंथ फाडून न टाकता ‘गेनिझा’ नामक कोठारात ठेवण्याची आणि पुढे पुरण्याची प्रथा पडली. कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगमधील अशाच कोठारात शतकानुशतके साठलेला कागद सॉलोमन शेख्टर यांनी १८९६-९७ मध्ये केंब्रिजला नेला. त्या संग्रहात १ लाख ९० हजारांहून अधिक तुकडे आहेत. प्रार्थनांबरोबर व्यापारी हिशेब, विवाहाचे करार आणि खासगी पत्रेही त्यात आहेत. एका नावाविषयीच्या आदरामुळे मध्ययुगीन भूमध्य जगाचे दैनंदिन जीवन इतिहासाला गवसले.

नावे भेटीतून येतात

उच्चार न होणाऱ्या या नावाभोवती इतर अनेक नावे आहेत. ‘एलोहीम’ हे रूप व्याकरणाने अनेकवचनी. परंतु इस्रायलच्या ईश्वरासाठी ते सहसा एकवचनी क्रियापदासह येते. ‘एल शद्दाय’ हे आद्य पूर्वजांना कळलेले नाव होय. घराच्या दाराच्या चौकटीवर लावल्या जाणाऱ्या ‘मेझुझा’मधील चर्मपत्राच्या मागील बाजूस त्यातील ‘शद्दाय’ हा शब्द लिहितात. ‘रिबोनो शेल ओलाम’ म्हणजे विश्वाचा स्वामी, ‘अवीनू मालकेनू’ म्हणजे आमचा पिता आणि आमचा राजा. ‘हामाकोम’ म्हणजे चक्क ‘स्थान’. ईश्वर जगात सामावलेला नसून जगच ईश्वरात वसलेले आहे, असे याचे स्पष्टीकरण प्राचीन रब्बींनी केले आहे. शोकाकुल कुटुंबाचे सांत्वन करताना हेच नाव घेतले जाते. ज्याच्या घरातील एक जागा रिकामी झाली, त्याला ‘स्थान’ या नावाने धीर द्यावा, यातील औचित्य मनाला भिडणारे आहे.

ही नावे ईश्वराच्या स्वरूपाच्या व्याख्या नाहीत. कोणाला तरी, कोठे तरी, कोणत्या तरी प्रसंगी जे जाणवले, त्याच्या त्या खुणा आहेत. तोरामध्ये याचे पहिले ठळक उदाहरण मिळते ते एका परकीय दासीच्या कथेत. मालकिणीच्या जाचाला कंटाळून अरण्यात पळालेल्या गर्भवती हागारला झऱ्याकाठी देवदूत भेटतो. आपली दखल कोणी घेतली, या जाणिवेतून ती स्वतःच ईश्वराला नाव देते: ‘एल रोई’, म्हणजे पाहणारा देव. राजा नाही, पुरोहित नाही, इब्राहिमच्या वंशातीलही नाही, अशा स्त्रीने दिलेले हे नाव धर्मग्रंथाने जपून ठेवले आहे.

दुसरा प्रसंग याकोबाचा. यब्बोक नदीच्या उतारापाशी रात्रभर अज्ञाताशी झुंजल्यावर तो त्याचे नाव विचारतो. नाव सांगितले जात नाही. आशीर्वाद मात्र मिळतो. याकोब त्या जागेलाच ‘पनिएल’, म्हणजे ईश्वराचे मुख, असे नाव देऊन लंगडत पुढे निघतो. तिसरा प्रसंग मोशेचा. जळत असूनही भस्म न होणाऱ्या झुडपासमोर तो पाठविणाऱ्याचे नाव विचारतो, कारण इजिप्तमधील गुलाम लोक त्याला तेच विचारणार असतात. उत्तरात त्याला नाम मिळत नाही, क्रियापद मिळते: ‘एह्ये’, म्हणजे ‘मी असेन’. त्याचा अर्थ अनेकांनी अनेक प्रकारे लावला. रब्बींच्या परंपरेत त्यातून सोबतीचे आश्वासन वाचले गेले: या दास्यात मी तुमच्याबरोबर आहे आणि पुढील दास्यांतही असेन. पुढे सीनाय पर्वतावर मोशे ईश्वराचे तेज पाहण्याची याचना करतो. मुख पाहता येणार नाही, असे त्याला सांगितले जाते. खडकाच्या कपारीत उभा राहून तो केवळ पाठमोरे दर्शन घेतो आणि करुणा, क्षमा, सहनशीलता अशा गुणांचा घोष ऐकतो.

या तिन्ही कथांत एक समान सूत्र आहे. नाव ताब्यात घेण्याचा प्रयत्न सफल होत नाही. परंतु नाव विचारणारा रिकाम्या हाती परतत नाही. प्राचीन जगात एखाद्या दैवताचे नाव ठाऊक असणे म्हणजे त्याच्यावर काही अधिकार मिळविणे, अशी समजूत होती. त्या पार्श्वभूमीवर या कथांचे वेगळेपण लक्षात येते.

रब्बींनी या नावांत आणखी एक भेद पाहिला. ‘एलोहीम’ हे न्यायाचे नाव आणि चार अक्षरांचे नाव दयेचे. जग निव्वळ न्यायावर निर्माण केले तर ते टिकणार नाही आणि निव्वळ दयेवर निर्माण केले तर पापाला पारावार राहणार नाही. म्हणून निर्मितीच्या वेळी दोहोंचा मेळ घातला गेला, असे त्यांनी म्हटले. याला त्यांनी दिलेला दृष्टान्त राजाच्या नाजूक पेल्यांचा आहे. त्यांत निव्वळ उकळते पाणी ओतले तर ते तडकतील आणि निव्वळ गार ओतले तरीही. म्हणून राजा दोन्ही मिसळून ओततो.

तत्त्वज्ञ आणि गूढवादी

या नावांचे नेमके काय करायचे, यावर मध्ययुगात दोन मोठे प्रवाह निर्माण झाले. कोर्दोबा येथे जन्मलेले आणि १२०४ साली इजिप्तमध्ये निधन पावलेले वैद्य व तत्त्ववेत्ते मायमोनिडीज हे पहिल्या प्रवाहाचे अध्वर्यू. ‘संभ्रमितांचा मार्गदर्शक’ या अरबी ग्रंथात त्यांनी मांडले की, ईश्वराविषयी कोणतेही भावरूप विधान सदोषच ठरते. तो काय नाही, एवढेच म्हणता येते. ज्याने जहाज कधी पाहिले नाही, त्याला ते प्राणी नाही, वनस्पती नाही, खनिज नाही, असे क्रमाने सांगत गेल्यास तो हळूहळू जहाजाच्या कल्पनेजवळ येतो, हे त्यांचे उदाहरण. उपनिषदांतील नेतिवादाशी परिचित असलेल्यांना ही वाट ओळखीची वाटेल. दयाळू, क्षमाशील ही नावे मायमोनिडीज यांच्या मते ईश्वराच्या भावनांची वर्णने नसून त्याच्या कृतींची वर्णने होत. चार अक्षरांचे नाव तेवढे कोणत्याही कृतीवरून आलेले नाही, म्हणून ते एकमेव. ज्या कृतींवरून इतर नावे पडली त्या माणसाने आपल्या आचरणात आणाव्यात, येथे त्यांचे ज्ञानशास्त्र नीतिशास्त्राला येऊन मिळते.

दुसरा प्रवाह कब्बाला या गूढवादाचा. तोराचा संपूर्ण मजकूर म्हणजे ईश्वराच्या नावांचीच मालिका, असे नाहमानिडीज यांनी तेराव्या शतकात लिहिले. त्याच शतकात सारागोसा येथे जन्मलेल्या अब्राहम अबुलाफिया यांनी नावाच्या अक्षरांची अदलाबदल, श्वासाची लय आणि मस्तकाच्या हालचाली यांची ध्यानपद्धती रचली. विशेष म्हणजे तिचा पाया त्यांनी मायमोनिडीज यांच्याच ग्रंथात शोधला. तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये प्रकाशात आलेल्या ‘झोहर’ या ग्रंथाने ईश्वराच्या दोन पातळ्या मानल्या. एक ‘एन सोफ’, म्हणजे अनंत. त्याला नावच नाही. दुसरी दहा ‘सफिरोत’ची, म्हणजे ज्यांतून ते अनंत प्रकट होते त्या शक्तींची. परंपरेतील नावे या शक्तींना लागू होतात. त्यांतील शेवटची शक्ती ‘शखिना’. रब्बींच्या साहित्यात या शब्दाचा अर्थ ईश्वराचे सान्निध्य, त्याचा निवास असा होता. कब्बालाने तिला स्त्रीरूप दिले. आपले लोक देशोधडीला लागले तेव्हा शखिनाही त्यांच्यासोबत परागंदा झाली, ही श्रद्धा शतकानुशतके घर गमावलेल्या समाजाला आधार देत आली.

वेदनेच्या वेळी दूर न जाणारा ईश्वर एकीकडे आणि कोणत्याही वर्णनात न मावणारा ईश्वर दुसरीकडे, या दोहोंतील ताण यहुदी धर्माने कधी मिटविला नाही. तो रोजच्या उपासनेतही ऐकू येतो. विधी करण्यापूर्वीच्या आशीर्वचनात प्रारंभी ईश्वराला ‘तू’ म्हणून संबोधले जाते आणि त्याच वाक्यात पुढे त्याचा उल्लेख ‘त्याने’ असा तृतीयपुरुषी होतो. समोर असलेला आणि दृष्टीआड असलेला, असे दोन्ही एकाच श्वासात येते.

आचरणातील नाम

यहुदी धर्मात साक्षात्काराची जागा प्रामुख्याने रोजच्या जीवनात आहे. दिवसभरात १०० आशीर्वचने म्हणावीत, असे तालमूद सांगते. भाकरी खाताना, पाणी पिताना, इंद्रधनुष्य दिसल्यावर, वाईट वार्ता कळल्यावरही. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून सुरू होणारा शब्बाथ हा काळालाच पवित्र करणारा दिवस आहे. मंदिर नष्ट झाल्यावर स्थळाऐवजी काळात ईश्वराची भेट घेण्याची ही सोय फार मोलाची ठरली.

नावाविषयीची सर्वांत मोठी आज्ञा उच्चारासंबंधी नाहीच. ‘किद्दुश हाशेम’ म्हणजे नावाचे पावित्र्य प्रकट करणे आणि ‘हिल्लुल हाशेम’ म्हणजे नावाला काळिमा लावणे. दोन्ही गोष्टी माणसाच्या वागण्यातून घडतात. ओठांवर शेमा ही ईश्वराच्या एकत्वाची घोषणा घेऊन रोमन छळात प्राण देणारे रब्बी अकिवा हे पहिल्याचे परिचित उदाहरण. दुसरे उदाहरण मात्र बाजारातले आहे. शिमोन बेन शेताह यांच्या शिष्यांनी एका अरबाकडून गाढव विकत घेतले आणि त्याच्या गळ्यात मोती अडकलेला निघाला. आता गुरूंचे कष्ट संपले, असे शिष्यांना वाटले. विक्रेत्याला मोत्याची कल्पना नव्हती, हे कळताच गुरूंनी तो परत पाठविला. त्या परक्या माणसाने यहुद्यांच्या देवाला धन्य म्हणावे, हे त्यांना मोत्याहून मौल्यवान वाटले. ज्या नावाचा उच्चार धर्मनिष्ठ यहुदी करीत नाहीत, ते अशा रीतीने परक्याच्या मुखी येते.

महाराष्ट्राला या परंपरेचा जवळचा शेजार लाभला आहे. अलिबागजवळच्या नवगाव किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज आले, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. धर्मग्रंथ हरवले, हिब्रू भाषा विसरली. टिकला तो शेमा आणि शनिवारचा विसावा. तेलाचे घाणे शनिवारी बंद ठेवणाऱ्या या लोकांना कोकणात ‘शनिवार तेली’ हे नाव पडले. १७९६ साली सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. त्याचे ‘शार हाराहमीम’ हे नाव दयेच्या द्वाराचे आहे. नवस फेडताना पोहे, नारळ आणि फळांची मलिदा करून हा समाज एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याचे स्मरण करतो. होरेब पर्वतावर वादळ, भूकंप आणि अग्नी यांपैकी कशातही न सापडलेला ईश्वर ज्याला अखेर अतिसूक्ष्म, शांत अशा ध्वनीत जाणवला, तो हाच एलिया.

मौन असह्य होते तेव्हा

विसाव्या शतकात या साऱ्या विचारांची कठोर परीक्षा झाली. नाझी राजवटीने सुमारे ६० लाख यहुद्यांची हत्या केली. ‘मी असेन’ असे म्हणणारा त्या वेळी कोठे होता, हा प्रश्न टाळणे अशक्य झाले. रिचर्ड रूबेनस्टाइन यांनी १९६६ साली, इतिहासाचे नियंत्रण करणाऱ्या पारंपरिक ईश्वरावर यापुढे विश्वास ठेवता येत नाही, अशी भूमिका मांडली. एलिएझर बर्कोविट्स यांनी १९७३ साली ‘हेस्तेर पानीम’, म्हणजे ईश्वराने मुख झाकणे, या प्राचीन संकल्पनेचा आधार घेतला. माणसाला स्वातंत्र्य द्यायचे तर ईश्वराला स्वतःला आवरावे लागते. त्या स्वातंत्र्याचा उपयोग संहारासाठी झाला, तर तो दोष माणसाचा, असे त्यांचे प्रतिपादन होते. दोन्ही उत्तरांनी सर्वांचे समाधान झाले नाही आणि परंपरेने कोणतेही एक उत्तर सक्तीचे केले नाही.

त्याआधीच्या जर्मनीत नावाविषयी एक अर्थपूर्ण वाद झाला होता. अठराव्या शतकात मोझेस मेंडेल्सझोन यांनी तोराचा जर्मन अनुवाद करताना चार अक्षरांसाठी ‘शाश्वत’ या अर्थाचा शब्द योजला. फ्रान्झ रोझेनझ्वाइग यांना तो पटला नाही. शाश्वत हे तत्त्वज्ञानातील परमतत्त्वाचे वर्णन झाले. इजिप्तमधील गुलामांना मात्र, तो आपल्यासोबत आहे की नाही, एवढेच हवे होते, असा त्यांचा आक्षेप होता. मार्टिन बूबर यांच्यासह १९२५ मध्ये सुरू केलेल्या अनुवादात त्यांनी त्या नावाच्या जागी ठळक अक्षरांत ‘मी’, ‘तू’, ‘तो’ ही सर्वनामे वापरली. रोझेनझ्वाइग तेव्हा पक्षाघातसदृश असाध्य विकाराने जखडलेले होते. त्यांची वाचा पूर्णपणे गेली होती आणि एकेक अक्षर खुणेने दाखवून ते लिहवून घेत. उच्चारता न येणाऱ्या नावावरील आधुनिक काळातील एक महत्त्वाचा निबंध १९२९ साली अशा रीतीने लिहिला गेला. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. बूबर यांनी तो अनुवाद १९६१ मध्ये पूर्णत्वास नेला. तोवर त्याचा मूळ वाचकवर्ग, जर्मनीतील यहुदी समाज, जवळजवळ नष्ट झाला होता.

यहुदी धर्मात मृताच्या आप्तांनी ‘कद्दिश’ म्हणण्याची प्रथा आहे. या प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेख नाही, आत्म्याच्या शांतीची याचना नाही. तीत आहे ते केवळ त्या महान नावाचे गौरवगान, आणि तेही ते नाव प्रत्यक्ष न घेता. ती एकट्याने म्हणता येत नाही. किमान दहा जणांचा समुदाय लागतो आणि उपस्थितांनी मध्येच मोठ्याने प्रतिसाद द्यायचा असतो. ज्याच्यावर आघात झाला, त्याला शब्द सुचत नसतील, त्याची श्रद्धा डळमळली असेल. तरी त्याच्या बाजूला उभे राहून ‘आमेन’ म्हणणारे नऊ जण तेथे असावेत, असा हा नियम आहे.